साजातलं कासव

१

झुंबरबाईची तक्रार अशी होती, की पेढीनं तिला जास्त दिलं.

सिकंदर मुजावरनं अशी तक्रार उभ्या जन्मात ऐकली नव्हती. दरबारच्या सहकारी खात्यात तपासनीस म्हणून पेढ्यापेढ्यांतून हिंडता हिंडता त्याच्या डोक्यावरचे केस गेले होते. लोक त्याच्यापुढं येत ते कमी मिळालं म्हणून. माणूस समोर आला, की त्याच्या मनात आपोआप दोन रकाने पडत, एक जमेचा, एक नावेचा. या बाईला कोणत्या रकान्यात टाकावं ते त्याला कळेना.

"कासव कुटलं आणलासा?" ती पायरीवरनं ओरडत होती. "माज्या साजात कासव न्हवतं. ह्यो साज माजा न्हवं!"

राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत कोल्हापुरात पेठेपेठेतून पतपेढ्या निघाल्या होत्या. 'कल्पवृक्ष परस्पर साहाय्यक पतपेढी' त्यांतलीच एक. भिंतीवर मोठ्या अक्षरात 'सभासद हाच मालक' असं रंगवलेलं, आणि त्याच्याखाली एक गुळगुळीत बाक. बाकावर फेटेवाले मालक बसत. लुगडेवाल्या मालकिणी पायरीवर.

झुंबरबाई गंगावेशीत म्हशी उभ्या करून गिऱ्हाइकासमोर धार काढायची आणि फेसासकट पेला हातात द्यायची. नवरा होता तेव्हा दुधाच्या पैशातून तिनं एकेक पान करत साज जोडला होता. सोन्याच्या पातळ पत्र्यात लाख भरून केलेली ती पानं: मासा, चंद्र, शंख, बेलपान, नाग, वाघनख आणि मधोमध ताईत. कोल्हापुरात साजाला मंगळसूत्राचा मान. पुरा साज एकवीस पानांचा. पण कासवापाशी पैसे संपले. 'म्होरल्या दिवाळीला करू' असं नवरा म्हणाला आणि दिवाळीच्या आत तापानं गेला. कासवाच्या जागी ओवलेले दोन मणी तसेच राहिले. साज गळ्यातनं उतरला. गोठ्यात सोनं ठेवायचं कसं, म्हणून तो पेढीच्या तिजोरीत आला. तिच्याच जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेला, वर पेढीचं कापड, दोरा आणि लाखेचा शिक्का.

ते पुडकं आज सिकंदरच्या देखत फोडलं होतं. शिक्का अखंड. आत साज. साजात कासव.

"मावशी," मॅनेजर कृष्णात पोवार खुर्चीतनं न उठता म्हणाले, "लोक हरवलं म्हणून रडतात, तुझं वाढलंय. देवाला नारळ फोड आणि घरी जा. तुझ्या म्हशी हंबरत असतील."

बाकावरचे फेटे हसले. हसला नाही तो एकटा बाळासो चौगुले, तिजोरीवरचा कारकून. तो उठला, बाकाची एक कड मोकळी करून घेतली आणि म्हणाला, "मावशी, पायरीवर नका. हितं बसा."

ती बसली. सिकंदरला ती हसणारी तोंडं आवडली नाहीत. त्यानं शिपाई धाडून गुजरीतला एक सराफ बोलावला. सराफानं साज कसाच्या दगडावर घासला, दगड उजेडाला धरला आणि नाक मुरडलं.

"पितळ हाय सायेब. वर मुलामा. सोनं म्हणाल तर नाव घेण्यापुरतं."

हसू थांबलं. तासाभरात पेढीचे चेअरमन तात्यासाहेब इंगवले आले. लाकडाची मोठी वखार, शब्दाला वजन. त्यांनी सगळं उभ्यानंच ऐकलं.

"ठेवताना सोनं होतं, आपल्या सराफानं पारखलेलं. आता पितळ आहे. पुडकी बांधतो कोण? बाळासो. तिजोरीवर बसतो कोण? बाळासो." त्यांनी आवाज चढवला नाही. "आज बुधवार. शनिवारपर्यंत साज आला तर ठीक. नाहीतर त्याला फौजदाराच्या हवाली करायचं."

सगळे बाळासोकडे वळले. आता तो काय म्हणणार? मी नाही केलं, असं चोरही म्हणतो आणि सावही म्हणतो.

बाळासोनं तांब्या उचलला. "मावशी, पाणी घ्या," एवढंच म्हणाला.

२

दुसऱ्या दिवशी सिकंदरनं मॅनेजरांपासून सुरुवात केली. खुर्चीला चिकटलेल्या माणसांकडनं आधी वसुली करावी, ती जागची हलत नाहीत, असा त्याचा अनुभव.

"तिजोरीला किल्ल्या किती?"

"दोन. नियमच आहे. एक कारकुनाकडे, एक माझ्याकडे. दोन्ही लागल्याशिवाय उघडत नाही."

"तुमची कुठं आहे?"

पोवारांनी मागं न बघता अंगठ्यानं भिंतीवरचा खिळा दाखवला. किल्ली तिथं लोंबत होती.

"दरवेळी कुणी उठायचं हो? कुणी चार आण्याची बाई आली की उठा, कुणी आठ आण्याचा बुवा आला की उठा. बाळासो घेतो, लावतो, परत अडकवतो."

"म्हणजे दोन किल्ल्या आणि एक माणूस."

"विश्वास, साहेब. पेढी विश्वासावर चालते."

"बरोबर. खिळ्यावर अडकवलेल्या."

पोवारांना हसावं की रागवावं कळेना. सिकंदरनं विचारलं, "आणि शिक्का?"

"तो मात्र पेढीत राहत नाही. तात्यासाहेबांच्या देवघरात असतो. दर गुरुवारी ते घेऊन येतात, पुडक्यांवर उठवतात, परत नेतात. त्या बाबतीत अगदी कडक." ते पुढं झुकले. "म्हणून तर म्हणतो, बाळासो पोचलेला. दुसरा शिक्का घडवला असणार."

सिकंदरनं फोडलेली लाख तात्यासाहेबांच्या शिक्क्याशी ताडून पाहिली. कडेला पडलेला टवकासुद्धा तोच होता. शिक्का खरा. मग पुडकं पुन्हा बांधणाऱ्याच्या हातात खरा शिक्का होता.

त्यानं झुंबरबाईचं ते फडकं टेबलावर पसरलं. ते तिनं ओळखलं होतं; काठावरची रफू तिच्याच हातची. फडक्याच्या एका टोकाला गाठ होती. ती नखानं सोडली तसा आतनं कुंकवात रंगवलेला तांदळाचा एक दाणा टेबलावर पडला.

अक्षत.

सिकंदर त्या दाण्याकडे बघत राहिला. तिजोरीत लग्नं लागत नाहीत.

पेढीचा सराफ आकाराम पोतदार दुपारी आला. बारीक अंगाचा, डोळ्यांत भट्टीचा धूर साचलेला.

"ठेवताना मी कसाला लावलं हुतं सायेब. सोनं. माजी सही हाय."

"पानं मोजली होती?"

"साजाची पानं कोण मोजतंय?" आकाराम खरंच नवल करत म्हणाला. "साज मंजे एकवीस. माणूस आला की त्याची बोटं मोजून बघतासा काय तुमी?"

सिकंदरनं पितळी साज त्याच्यापुढं सरकवला. "करणारा मात्र कच्चा दिसतो. हे कासव बघा. मला तर बेडूक वाटलं."

"बेडूक?" आकारामचे कान लाल झाले. "नीट बघा की! पाठीवरची घरं बघा, पाय कसं आत घेतल्यात बघा. असलं कासव गुजरीत दुसरं कोण—"

तो थांबला. उशीर झाला होता. दोघांनाही ते कळलं.

"कुणी करायला सांगितलं, आकाराम?"

आकारामनं दोन्ही हात जोडले. "सायेब, मी पेढीच्या पारखीवर पोट भरतो. काम सांगतात, करतो. त्याच्या म्होरं इचारू नका."

"साज समोर ठेवून केलंस?"

"समोर असता तर," तो पुटपुटला, "कासव कशाला केलं असतं?"

३

बाळासो शुक्रवार पेठेत एका बोळात राहत होता. सिकंदर संध्याकाळी पोचला तेव्हा दारात पाच-सहा जण उभे होते. एक चांभार, एक हमाल, मोळी विकणाऱ्या दोन बाया. बाळासोची बायको धोंडुबाई कुणाला पाणी देत होती, कुणाचं पोर कडेवर घेत होती. येणारा प्रत्येक जण बाळासोच्या हातात आणे टेकवत होता.

"हे काय चाललंय?" सिकंदरनं विचारलं.

"ठेव, सायेब," चांभार म्हणाला. "पेढी चारला बंद हुती. आमी कामावरनं येतो दिवे लागताना. मग बाळासोदादा हितं घेत्यात आनि सकाळी भरत्यात."

"याच्यावर चोरीचा आळ आहे, ठाऊक आहे ना?"

"व्हय की." चांभारानं आणा बाळासोच्या हातात ठेवून त्याची मूठ वरनं मिटवली. "म्हणून तर आलो. माणूस घाबरलं आसंल म्हणून."

लोक गेले. धोंडुबाई चहा टाकायला आत गेली. सिकंदर उंबऱ्यावरच टेकला.

"बाळासो, मी मांडतो, तू बरोबर का चूक तेवढं सांग. तू चोर असतास तर साज तुझ्या हातात असता. तो समोर ठेवून नक्कल केली असतीस, कासवाच्या जागी दोन मणी आले असते. नक्कल करणाऱ्यानं सवयीनं एकवीस पानं केली. म्हणजे नक्कल होताना खरा साज हाताशी नव्हता. गेला होता, आणि एका दिवसासाठीसुद्धा परत आणता येत नव्हता."

बाळासो हातातले आणे रुमालात बांधत होता.

"मोडायचा असता तर आधी नक्कल करून मग आटवला असता. गहाण असता तर दाखवायला तरी मिळाला असता. मग असली जागा कुठली? आणि तुझ्याकडे शिक्का नव्हता. सगळे म्हणतात, शिक्का अखंड, म्हणजे कारकून चोर. मी म्हणतो, शिक्का अखंड, म्हणजे कारकून सुटला."

बाळासोच्या चेहऱ्यावर सुटल्याचा आनंद दिसायला हवा होता. तो आणखीच उतरला.

"सायेब, एक मागू? तुमी तपास हितंच थांबवा. मला शनवारी जाऊ द्या."

"तुरुंगात?"

"व्हय."

"अरे, तू केलं नाहीस!"

"मी न्हेलं हुतं," बाळासो जमिनीकडं बघत म्हणाला. "पुडकं. कुटं ते इचारू नका."

आतनं धोंडुबाईचा आवाज आला. ती चहा गाळता गाळता विचारत होती, "शनवारी काय हाय हो?"

बाळासोनं अजून घरी सांगितलंच नव्हतं.

४

तात्यासाहेबांच्या बंगल्यात सिकंदर शुक्रवारी सकाळी गेला, ते वखारीवर असतील अशी वेळ बघून. त्यांच्या पत्नी आक्कासाहेब स्वतः दिवाणखान्यात आल्या. पाहुण्याला रिकाम्या तोंडी पाठवायचं नाही ही त्यांची रीत. खमंग चिवडा आला, चहा आला.

"पेढीचं काही काम होतं?"

"शिक्का बघायचा होता. पण चहा निवेल, आधी तोच घेतो." सिकंदरनं बशी तोंडाला लावली आणि सहज बोलल्यासारखं विचारलं, "वैशाखात आपल्याकडं लग्न झालं म्हणे? मी परगावी होतो, जेवण हुकलं."

आक्कासाहेब खुलल्या. लेकीचं लग्न. कागलकडचं घराणं, मांडवात पाचशे पान. हत्ती आणला होता. त्या सांगत गेल्या, सिकंदर ऐकत गेला, आणि मनातल्या रकान्यांत आकडे पडत गेले. वखारीतल्या लाकडाची आवक त्यानं येताना बघितली होती. त्या लाकडातनं हत्ती निघत नव्हता.

"विहीणबाई कशा आहेत?"

"मोठ्या घरच्या." आक्कासाहेबांचा आवाज जरा खाली आला. "बोलायला तिखट. मांडवात सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, पोरीचा गळा मोकळा कसा, साज नाही का केला?"

"मग?"

"मग काय?" त्यांचा हात आपोआप स्वतःच्या गळ्याशी गेला. जिथं काही नव्हतं तिथं बोटं थोडा वेळ चाचपत राहिली. "केला होता की. घातला."

त्या लगबगीनं चिवड्याची ताटली आत न्यायला उठल्या. भिंतीवर लग्नाचा फोटो होता. नवरानवरी उभी, नवरीच्या कपाळावर मुंडावळ्या, गळ्यात साज. सिकंदर उठून अगदी जवळ गेला. फोटोग्राफर हुशार होता. पान न् पान दिसत होतं.

चंद्र होता. शंख होता. मासा होता. माशाच्या शेजारी दोन मणी होते.

५

संध्याकाळी पेढीचं दार लावून घेतलं होतं. टेबलाशी तात्यासाहेब, पोवार आणि सिकंदर. आकाराम कोपऱ्यात. बाळासो दाराला टेकून उभा. बाक रिकामं असूनही त्याच्यावर कुणी बसलं नव्हतं.

सिकंदरनं फडकं, दाणा आणि पितळी साज ओळीनं मांडला.

"ज्याला चोरायचं असतं तो पुडकं परत बांधत बसत नाही. हे पुडकं परत यायचं, या बोलीवर बाहेर गेलं होतं. फडक्यात अक्षत आहे, म्हणजे गेलं ते लग्नघरी. परत आलं तेव्हा आत नक्कल होती, आणि ती साज बघून केलेली नव्हती. खरा साज परत मागता येईना अशा जागी गेला होता. सराफाकडनं दागिना मागता येतो, सावकाराकडनं मागता येतो, चोराकडनंसुद्धा मागता येतो. नव्या नवरीच्या गळ्यात पडलेला साज मागता येत नाही." त्यानं तात्यासाहेबांकडं पाहिलं. "शिक्का आपल्या देवघरात. फोटो आपल्या दिवाणखान्यात."

पोवारांना एवढा वेळ गप्प बसायची सवय नव्हती.

"साहेब, ही चोरी नव्हे हो. ही सोय आहे! लगीनसराईत मोठ्या सभासदांची सोय. पुडकी पडूनच असतात. चार दिवस नेतात, आणून देतात. आजवर एक मणी कमी आला नाही."

"नाही आला," सिकंदर म्हणाला. "एक पान जास्त आलं. अशी सोय किती पुडक्यांची?"

पोवार तिजोरीकडं बघत राहिले. मोठी तिजोरी होती.

"तिच्या गळ्यात घालायला नेला होता मी," तात्यासाहेब सावकाश बोलले. "बायकोच्या. चार तासांसाठी. वखार कशी चाललीय ते तुम्ही बघितलंच असेल. मांडवात विहीणबाईंनी तोंड सोडलं. पाचशे माणसांत हिनं स्वतःच्या गळ्यातला काढला आणि पोरीला घातला. दुसरं काय करणार होती? आता मी कागलला जाऊन म्हणू, तो साज उतरवा, दूधवालीचा आहे? त्या दिवसापासनं पोर आमच्या दारात उभी राहील ती कायमची."

"तिजोरीतली सगळी पुडकी उघडून बघावी लागतील."

"उघडा की. फक्त उघडल्यावर कुणाकुणाला कळणार तेवढं ठरवा." त्यांनी कोटाच्या खिशातनं घडी घातलेला कागद काढला. "मुजावर, तुमचा हिशेब बरोबर आहे. पण आता तो लागणार नाही."

कागद बाळासोच्या अक्षरात होता. साज मी चोरला, आटवला, पैसे खर्च केले.

सिकंदरनं बाळासोला दंडाला धरून मागच्या दारी नेलं. तिथं एक घडवंची होती आणि घागर.

"तुला काय देणार आहेत?"

"काय न्हाय. मीच गेलतो त्यांच्याकडं. मावशीला किंमत द्यायची, एवढं बोलून घेतलं."

"कुणाच्या पैशातनं? पेढीच्याच ना?"

"त्यांच्याकडं कुटलं हायत?"

"मग कशासाठी रे? त्यांचं मीठ खाल्लंस म्हणून?"

बाळासो हसला. तीन दिवसांत पहिल्यांदाच.

"मीठ? सायेब, त्यांच्या वखारीतला भुसा बी मला फुकट मिळत न्हाय. तुमी खरं लिवलासा तर काय हुईल सांगू? पुडकी फोडत्यात म्हणून गावात बोभाटा. पयलं कळंल कुणाला? बाकावर बसणाऱ्यांला. सकाळी ते येतील, ठेवी काढून जातील. दुपारी गुजरीतलं येतील. माजी मानसं कामावरनं येत्यात दिवे लागताना. तवर तिजोरीत काय राहील?" त्यानं घागरीवरचं झाकण नीट केलं. "मी दारोदार हिंडून त्यांची खाती काढल्यात. मडक्यात घालू नका, पेढीत घाला म्हणून. माज्या तोंडाकडं बघून घातलंय त्यांनी."

"आणि उद्या तुझ्या तोंडाकडं बघतील तेव्हा?"

"एक कारकून चोर निगाला तर लोक कारकुनाला शिव्या देत्यात, पेढी सोडत न्हाईत. पेढीच चोर निगाली तर..." त्यानं रिकाम्या तळहातावर फुंकर मारली. "धोंडूला सांगिटलंय. रडली. पर बोलली, चुलीवर दूध हाय तेवढं पिऊन जावा."

सिकंदरनं हिशेब पुन्हा मांडून बघितला. या बाजूनं मांडला, त्या बाजूनं मांडला. एका माणसाच्या नावे टाकलं तर बोळातल्या सगळ्यांची बाकी तशीच राहत होती. खऱ्या माणसाच्या नावे टाकलं तर बोळाची बाकी शून्य. पोराला शाळेत शिकवतात त्या अंकगणितात अशा गणिताला उत्तर असतं. याचंही त्याला सापडलं, आणि ते बरोबर आलं म्हणून तोंड कडू झालं.

परत आत येऊन त्यानं चेअरमनांपुढं हात पसरला. "शिक्का द्या. तो आजपासनं आमच्या कचेरीत राहील. आणि पोवार, ती किल्ली कमरेला."

"बस? एवढंच?" पोवार सुटकेनं म्हणाले.

"एवढंच," सिकंदर म्हणाला, आणि त्या शब्दाची त्याला किळस आली.

६

शनिवारी फौजदाराची माणसं बाळासोला बोळातनं घेऊन गेली. चांभार दारात उभा होता. त्याच्या मुठीत आणा होता. तो त्यानं परत कनवटीला लावला.

सिकंदर गंगावेशीत गेला. हे काम पत्र धाडून होण्यासारखं होतं. पण पत्र वाचायला झुंबरबाई बाळासोकडंच जात असे.

म्हशी रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. झुंबरबाई उकिडवी बसून धार काढत होती. पैलवान पोरं पेले घेऊन थांबलेली. तिनं सिकंदरला बघितलं आणि पोरांना हातानं बाजूला सारलं.

"आलासा? बसा पावणं. दगूड पुसून घ्या जरा."

तो बसला. साजाची किंमत पेढी देणार, सोमवारी येऊन घेऊन जा, असं त्यानं सांगितलं. ती ऐकत होती, पण धार थांबली नव्हती.

"पैशाचं ऱ्हाऊ द्या. केलं कुनी?"

"बाळासोनं लिहून दिलंय."

धार थांबली. म्हशीनं मान वळवून बघितलं.

"लिवून दिलंय ते मला सांगू नका. लिवून कोन बी देतंय. तुमी सायेब हाय. बघितलंसा, हुडकलंसा. तुमी काय म्हणता ते सांगा. त्यानंच केलं?"

एक शब्द पुरला असता. आणि तो शब्द दुधाच्या प्रत्येक पेल्याबरोबर दुपारच्या आत गावभर झाला असता, सगळ्यात आधी बाकावरच्या फेट्यांपर्यंत.

"होय," सिकंदर म्हणाला. "त्यानंच."

झुंबरबाईनं हातातला पेला खाली ठेवला. पदरानं हात पुसले, परत पुसले.

"त्या पेढीत मला 'बसा' म्हणणारा तेवढाच एक हुता," ती म्हणाली. "दर खेपेला उटायचा. मावशी म्हणायचा, पानी द्यायचा. मी घरला येऊन म्हशींला सांगायची, आज बी बाकावर बसलो म्हणून." ती स्वतःशीच मान हलवू लागली. "मंजे बसवून बघत हुता व्हय? बाई किती येडी हाय ते?"

खरं काय ते सिकंदरच्या तोंडाशी आलं होतं.

"बरं झालं सांगिटलंसा," ती म्हणाली. "उगंच त्याच्या बायकोला दूध धाडत हुतो रोज. आजपासनं बंद." तिनं पुन्हा म्हशीच्या पोटाला डोकं टेकलं, पेला भरला आणि फेसासकट त्याच्यापुढं धरला. "घ्या. तुमी तरी खरं बोललासा."

सिकंदरनं पेला तोंडाला लावला आणि पुरता रिकामा होईपर्यंत खाली घेतला नाही.